चेटकीण नसलेला भयपट

मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' गाण्याच्या शेवटी एक खर्जातला आवाज बोलू लागतो आणि मग ते लांबलचक हसणं येतं. लहानपणी आमच्या गल्लीत कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर हे गाणं वाजायचं, तेव्हा त्या हसण्याच्या वेळी आम्ही पोरं कानांवर हात ठेवायचो. तो आवाज व्हिन्सेंट प्राइस नावाच्या अमेरिकन नटाचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. आणि त्याच माणसानं आयुष्यात एकदा, न हसता, आवाज न चढवता, अंगावर काटा आणणारं काम करून ठेवलंय हे तर चाळिशी ओलांडल्यावर. त्या सिनेमाचं नाव 'विचफाइंडर जनरल'. मराठीत म्हणायचं तर चेटकिणी हुडकणाऱ्यांचा सरदार. १९६८ साली ब्रिटनमध्ये तो प्रदर्शित झाला.

माझा भाचा ब्रिटनमध्ये शिकायला होता. परत येताना त्यानं जुन्या वस्तूंच्या दुकानातून माझ्यासाठी पाच-सहा डीव्हीडी उचलून आणल्या, त्यात ही होती. खाला इतिहासाचं काहीबाही वाचत असते, मग तिला आवडेल, एवढाच त्याचा हिशेब. आमच्या घरच्या प्लेअरवर ती चालेना. ब्रिटनची डीव्हीडी विभाग दोनची, भारताचे प्लेअर विभाग पाचचे. डिस्क कंपन्यांनी जगाची वाटणी करून ठेवलीय. शेवटी जुन्या लॅपटॉपवर लावली. तिथंही विभाग बदलायला फक्त पाच वेळा परवानगी असते, पाचव्यांदा बदलला की तो कायमचा. त्यातली एक संधी मी या सिनेमावर खर्च केली.

आमच्या पिढीचे भयपट म्हणजे रामसे बंधूंचे. 'वीराना' आणि 'पुरानी हवेली' आम्ही चादरीआडून पाहिलेत. तिथं चुडैल खरी असते, म्हणून तिला मारणारा नायक बरोबर असतो. 'विचफाइंडर जनरल' बघताना मी पहिला अर्धा तास चेटकिणीची वाट पाहत होते. ती येतच नाही. दीड तासाच्या या भयपटात एकही भूत नाही, एकही मंत्र नाही, कुणी हवेत उडत नाही. हिरवीगार शेतं, वाऱ्यानं हलणारी झाडं, घोड्यावरून जाणारी दोन माणसं आणि ती ज्या गावात उतरतील तिथले लोक, एवढंच.

गोष्ट साधी आहे. १६४५ साल. इंग्लंडमध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं. मॅथ्यू हॉपकिन्स आणि त्याचा साथीदार जॉन स्टर्न गावोगाव फिरून चेटकिणी शोधून देतात आणि त्याचे पैसे घेतात. एका गावात ते जॉन लोझ नावाच्या म्हाताऱ्या पाद्रीला पकडतात. त्याची पुतणी सारा काकाला वाचवायला हॉपकिन्सपुढं स्वतःला ठेवते. हॉपकिन्स ती किंमत घेतो, आणि पुढं स्टर्ननं तिच्यावर बलात्कार केल्याचं कळताच तिच्यातला त्याचा रस संपतो आणि काकाला फाशी देतो. साराचा नवरा होऊ घातलेला रिचर्ड मार्शल हा पार्लमेंटच्या सैन्यातला तरुण शिपाई. तो सूडाची शपथ घेतो. पुढचा सिनेमा म्हणजे ती शपथ.

सिनेमा संपल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे यातलं खरं किती हे शोधायला बसले. शिक्षकाची खोड.

हॉपकिन्स खरा आहे. सफोक परगण्यातल्या ग्रेट वेनम गावच्या प्युरिटन पाद्रीचा तो मुलगा. एसेक्समधल्या मॅनिंगट्री गावाजवळ राहायचा. 'विचफाइंडर जनरल' ही पदवी त्याला पार्लमेंटनं दिलेली नव्हती, त्यानंच लावून घेतली होती. १६४५च्या मार्चमध्ये मॅनिंगट्रीत एका शिंप्याची बायको आजारी पडली. ठपका ठेवला गेला एलिझाबेथ क्लार्क या एका पायाच्या, गरीब म्हातारीवर. तिला पकडून एका खोलीत बसवलं आणि रात्रंदिवस झोपू दिलं नाही. का, तर चेटकिणीचे पाळीव सैतान तिचं रक्त प्यायला येतातच, तेव्हा पाळत ठेवली की दिसतील. तीन-चार रात्रींनंतर म्हातारी म्हणाली, बसा, माझी पोरं दाखवते. मग हॉपकिन्स आणि स्टर्न यांनी शपथेवर सांगितलं की आम्ही ती पाहिली. होल्ट नावाचं मांजराचं पिल्लू. जारमारा नावाचा, पाय नसलेला लठ्ठ कुत्रा. व्हिनेगर टॉम नावाचा बैलाच्या डोक्याचा शिकारी कुत्रा. सॅक अँड शुगर नावाचा काळा ससा. ही यादी हॉपकिन्सच्याच १६४७च्या पुस्तिकेत चित्रासकट छापलेली आहे. नावं वाचताना मला हसू आलं, आणि मग लगेच आठवलं की चार रात्री न झोपलेली, भुकेली बाई आपल्या मांजरांची नावं घेतेय.

इंग्लंडच्या कायद्यात छळ करून जबाब काढायला मनाई होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण हॉपकिन्सचं सगळं कसब त्या मनाईच्या फटीतून चालायचं. कुणाला रॅकवर ताणायचं नाही, चाबूक मारायचा नाही. फक्त जागं ठेवायचं. झोप आली की उठवून खोलीत फिरवायचं, पायाला फोड येईपर्यंत. अंगाची झडती घ्यायची, तीसुद्धा बायकांकडूनच, आणि एखादा मस, चामखीळ सापडली की ते सैतानाचं स्तनाग्र. तिथं सुई टोचायची, दुखलं नाही तर खूण पक्की. हातापायाचे अंगठे बांधून पाण्यात सोडायचं. बुडाली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण. या पाण्याच्या परीक्षेवर इतकी टीका झाली की १६४५च्या ऑगस्टमध्ये ती थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. पण जागं ठेवणं पुढंही चालू राहिलं, कारण त्यात तर काहीच करावं लागत नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांशी नसता चाळा करायची सवय आहे. 'कबुलीजबाब' हा शब्द घ्या. कबूल आणि जबाब, दोन्ही अरबीतून फारसीच्या मांडवाखालून मराठीत आलेले. कोर्टाच्या भाषेत तो इतका रुळलाय की आपण ऐकतच नाही त्यात काय आहे ते. जबाब म्हणजे उत्तर. म्हणजे आधी कुणीतरी प्रश्न विचारलेला आहे. आणि 'तुझ्याकडे किती सैतान आहेत?' असा प्रश्न असेल, तर कबूल करण्यासारखा आकडाच तेवढा उरतो.

सिनेमात नाही अशी एक मुलगी या हकिकतीत आहे. तिच्यापाशी मी बराच वेळ अडकले. रेबेका वेस्ट, वय पंधराच्या आसपास. आई ॲन वेस्ट हिच्यासकट तिला पकडलं. मुलीनं कबुली दिली, सैतानाशी आपलं लग्न लागलं असंही सांगितलं, आणि मग सरकारी साक्षीदार बनून बाकीच्यांविरुद्ध बोलली. ती सुटली. तिच्या आईला १ ऑगस्ट १६४५ रोजी मॅनिंगट्रीत फाशी दिली. एलिझाबेथ क्लार्कही फाशीच गेली. त्याआधी जुलैत चेल्म्सफर्डला खटला चालला तेव्हा युद्धामुळे नेहमीचे फिरते न्यायाधीश आलेच नव्हते. लॉर्ड वॉरविक आणि गावचे प्रतिष्ठित न्यायासनावर बसले. काहीजणी तर खटला उभा राहायच्या आत तुरुंगातच मेल्या होत्या.

आणि लोझ? पाद्री जॉन लोझही खरा. सफोकमधल्या ब्रँडस्टन गावात तो जवळपास पन्नास वर्षं चर्चचा धर्मगुरू होता, वय ऐंशीच्या घरात. गावकऱ्यांशी त्याचं वर्षानुवर्षं वाकडं. कज्जेदलालीची खोड, जिभेचा तिखट. हॉपकिन्सच्या माणसांनी त्याला कित्येक रात्री जागवला, धाप लागेपर्यंत खोलीत पळवला, फ्रॅमलिंगम किल्ल्याच्या खंदकात पोहवला. शेवटी त्यानं कबूल केलं की हार्विच बंदराजवळ आपण सैतान पाठवून जहाज बुडवलं. २७ ऑगस्ट १६४५ रोजी बरी सेंट एडमंड्सला अठरा जणांना फाशी दिली, सोळा बायका आणि दोन पुरुष. त्यातला एक लोझ. त्याच्यासाठी अंत्यसंस्काराची प्रार्थना म्हणायला कुणी पाद्री मिळणार नव्हता, म्हणून फाशीकडे जाताना ती त्यानं स्वतःच म्हटली. ब्रँडस्टन गावाच्या पाटीवर आजही फासावर लटकलेला लोझ कोरलेला आहे.

पैशांची बाजू सिनेमानं नेमकी पकडलीय. स्टोमार्केट गावानं या कामापायी २३ पौंड मोजले. त्या काळी शेतमजुराला दिवसाला सहा पेन्सच्या आसपास मिळायचे. २४० पेन्सचा पौंड धरून गणित केलं तर मजुराच्या नऊशे दिवसांहून जास्त मजुरी होते. सिनेमातला न्यायाधिकारी हॉपकिन्सच्या हातावर नाणी ठेवतो तेव्हा कॅमेरा उगाच रेंगाळत नाही. किराणा दुकानात बिल चुकतं करावं तसं ते होतं.

आता चुका. सिनेमात लॅव्हनमच्या चौकात एलिझाबेथ नावाच्या तरुण बाईला शिडीला बांधून आगीत सोडतात. हे दृश्य सिनेमाचं सगळ्यात गाजलेलं, आणि इतिहास म्हणून चुकीचं. इंग्लंडमध्ये चेटूक करणाऱ्यांना जाळत नसत, फाशी देत. जाळायचे स्कॉटलंडमध्ये आणि युरोपात. त्या वर्षी एक अपवाद मात्र घडला. मेरी लेकलँड या बाईला सप्टेंबर १६४५मध्ये इप्सविचला खरोखर जाळलं, पण तेही चेटकाच्या कलमाखाली नाही. तिनं चेटकानं नवऱ्याला मारलं असा आरोप होता, आणि बायकोनं नवऱ्याला मारणं हा त्या कायद्यात मालकाविरुद्धचा द्रोह समजला जायचा. त्याला शिक्षा जाळण्याची. सिनेमावाल्यांनी ही गोष्ट वापरली असती तर अधिक भयंकर सिनेमा झाला असता, असं मला वाटतं.

दुसरी चूक हॉपकिन्सच्या वयाची. पडद्यावरचा हॉपकिन्स छप्पन वर्षांचा, थकलेला, दुनिया पाहिलेला माणूस आहे. खरा हॉपकिन्स या सगळ्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. जेमतेम पंचवीस. तिसरी चूक शेवटाची. सिनेमात मार्शल त्याला कुऱ्हाडीनं तोडतो. प्रत्यक्षात हॉपकिन्स अंथरुणात, क्षयानं मेला. १२ ऑगस्ट १६४७ रोजी मिस्टली गावात त्याला पुरलं. त्यालाच पाण्यात टाकून परीक्षा घेतली आणि तो तरंगला, अशी एक दंतकथा नंतर पसरली. लोकांना ती हवी होती म्हणून पसरली असणार. आणि सिनेमात ज्याचा डोळा फोडतात तो स्टर्न? तो तर १६७० सालापर्यंत सुखानं जगला. वर पुस्तक लिहून आपण बरोबरच होतो असं ठासून सांगून गेला.

एवढ्या चुका असूनही या सिनेमाला मी खोटा का म्हणत नाही? ती आग विझल्यावरचं एक दृश्य आहे. गावातली मुलं त्या निखाऱ्यात बटाटे भाजतायत. संवाद नाही, कुणी रडत नाही, संगीत ओरडत नाही. ज्यांनी ते पाहिलं ते तिथून घरी जाऊन जेवलेही असतील. हॉपकिन्सला पंचवीस गावांनी बोलावलं नसतं तर तो आपल्या घरी खोकत बसला असता. त्याच्या पुस्तिकेत तो स्वतःच हा मुद्दा काढतो की मी बोलावल्याशिवाय कुठं गेलो नाही. आपल्या बचावासाठी लिहिलेलं हे वाक्य मला त्याच्या अख्ख्या पुस्तिकेतलं सगळ्यात खरं वाटतं. त्याला थेट विरोध करणारा माणूस एखाददुसराच. ग्रेट स्टॉटनचा पाद्री जॉन गॉल. त्यानं चर्चमध्ये प्रवचनांतून आणि मग १६४६च्या पुस्तकातून विचारलं की सुरकुतलेला चेहरा, फुटलेला आवाज, सोबतीला कुत्रं-मांजर असलेली प्रत्येक म्हातारी चेटकीण ठरवायची का? त्यालाही चेटूक खोटं वाटत नव्हतं. त्याला पुरावा खोटा वाटत होता, आणि तेवढं पुरलं. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनीच हॉपकिन्सला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

सिनेमा करणारा मायकल रीव्ह्ज हा पोरगा, पोरगाच म्हणायचं, १९६७च्या शरदात शूटिंग सुरू झालं तेव्हा चोवीस वर्षांचाही पुरता नव्हता. म्हणजे खऱ्या हॉपकिन्सच्याच वयाचा. रोनाल्ड बॅसेटच्या कादंबरीवरून पटकथा, निर्माते टायगॉन ही छोटी ब्रिटिश कंपनी आणि अमेरिकेची एआयपी. रीव्ह्जला हॉपकिन्स म्हणून डोनाल्ड प्लेझन्स हवा होता. अमेरिकन पैसा म्हणाला, व्हिन्सेंट प्राइस. रीव्ह्जला हे इतकं लागलं की सेटवर तो प्राइसला धड बोलेना. डोळे मोठे करू नका, आवाज कमी करा, डोकं हलवू नका, असं प्रत्येक शॉटला. प्राइस वैतागून म्हणाला म्हणे की मी सत्त्याऐंशी सिनेमे केलेत, तुम्ही काय केलंय? रीव्ह्जचं उत्तर, मी तीन चांगले केलेत. किस्सा सांगणाऱ्यांनी त्याला घासूनपुसून चकचकीत केलं असणार, पण पडदा पाहिला की तो पटतो. प्राइसचं सगळं नाटकी लोणी काढून घेतलेलं आहे. नंतर सिनेमा पाहिल्यावर प्राइसनं त्या पोराला पत्र लिहून मान्य केलं की तू काय मागत होतास ते आता कळलं. साठीकडे झुकलेल्या नटानं हे लिहिणं मला फार मोठं वाटतं. आमच्या क्षेत्रात विद्यार्थ्याला असं लिहिणारे गुरुजी मी मोजकेच पाहिलेत.

जॉन कोकिलोन या छायाचित्रकारानं सफोकचा निसर्ग असा टिपलाय की हिंसा त्यात उपरी वाटते. पॉल फेरिसचं संगीतही लोकगीतासारखं, हळवं. हा फेरिस सिनेमात जळणाऱ्या बाईचा नवरा म्हणून दिसतोही, आणि श्रेयनामावलीत स्वतःचं नाव 'मॉरिस जार' लावून घेतो, तेव्हाच्या बड्या संगीतकार मोरीस जारची ती चेष्टा.

सेन्सॉर बोर्डाचा प्रमुख जॉन ट्रेव्हेल्यन हा रीव्ह्जचा लांबचा नातलग. नात्याचा फायदा झाला नाही. पटकथेच्या टप्प्यापासूनच आक्षेप आले, आणि तयार सिनेमावर कात्री चालली. थोडं रीव्ह्जनं स्वतः कापलं, मग त्यानं हात वर केले. ॲलन बेनेट या नाटककारानं एका लेखात सिनेमाला बीभत्स म्हणून झोडलं. रीव्ह्जनं उत्तर दिलं. त्याचा मुद्दा असा की हिंसा बघून शिसारीच यायला हवी, ती मजेशीर दाखवणं हेच खरं अनैतिक. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. बेनेटचं मन मला कळतं, साराचा तो शेवटचा छळ मी पूर्ण पाहू शकले नाही. पण आमच्याकडच्या सिनेमांत बलात्काराच्या दृश्याला ज्या लाडानं कॅमेरा फिरायचा, ते आठवून मी रीव्ह्जच्या बाजूला सरकते.

अमेरिकेत तर सिनेमाचं नावच बदललं. एआयपी तेव्हा एडगर ॲलन पोच्या नावावर भयपट विकत होती, आणि प्राइस हा त्या मालिकेचा चेहरा. म्हणून पोच्या एका कवितेचं नाव लावलं, 'द काँकरर वर्म', आणि त्या कवितेच्या ओळी प्राइसच्या आवाजात सिनेमाच्या मागंपुढं चिकटवल्या. पोचा या सिनेमाशी संबंध एवढाच. पुढं ऐंशीच्या दशकात अमेरिकेत व्हिडिओ कॅसेट निघाली, तर हक्कांच्या भानगडीमुळे फेरिसचं संगीतच काढून टाकलं आणि सिंथेसायझरवर वाजवलेलं भलतंच संगीत घातलं. एका अख्ख्या पिढीनं तिकडं हा सिनेमा त्या टुणटुण आवाजात पाहिला. युरोपात काही ठिकाणी विकायला म्हणून मद्यालयातल्या दृश्यांत अर्धनग्न बायका असलेली वेगळी प्रत होतीच. म्हणजे एकाच सिनेमाचे किमान चार अवतार. कापलेला, वाढवलेला, नाव बदललेला, गाणं बदललेला.

हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. एका दिवानाचे दहा नुस्खे, प्रत्येकात एखादा शेर जास्त, एखादा कमी, आणि कातिबानं आपल्या मनानं दुरुस्त केलेला मिसरा. संपादकाचं काम काय, तर कुठला हात कुठं फिरलाय ते ओळखणं. माझ्याकडची डिस्क अशा संपादनाचीच आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये हा सिनेमा न कापता मंजूर झाला, तेव्हाची. सेन्सॉरनं काढलेले तुकडे त्यात परत बसवलेत, पण ते चांगल्या प्रतीत मिळाले नाहीत. त्यामुळे सिनेमा स्वच्छ चाललेला असतो आणि एकदम चित्र मळकट, धुरकट होतं, दोन-चार सेकंद, आणि परत स्वच्छ. मला आधी वाटलं डिस्कला ओरखडा आहे. मग लक्षात आलं, हे तर ते ठिकाण. कात्री नेमकी कुठं लागली होती ते या डिस्कवर टाक्यांच्या व्रणासारखं दिसतं. २००७ साली अमेरिकेत मूळ नाव आणि फेरिसचं मूळ संगीत घेऊन डीव्हीडी निघाली, २०११ साली ब्रिटनमध्ये ब्लू-रे आली. त्या प्रती जास्त देखण्या आहेत, मान्य. पण इतिहासाच्या माणसाला विचाराल तर मी माझी मळकी प्रत देणार नाही.

रीव्ह्जनं यातलं काहीच पाहिलं नाही. फेब्रुवारी १९६९मध्ये, सिनेमा येऊन वर्षही झालं नव्हतं, झोपेच्या गोळ्यांचा डोस जास्त होऊन तो गेला. अपघात, असाच निष्कर्ष निघाला. वय पंचवीस.

नववीच्या वर्गात मी सिनेमा दाखवला नाही, दाखवण्यासारखा तो नाहीच. पण अनुवादाच्या तासाला मॅनिंगट्रीची गोष्ट सांगितली. चेटकीण, चुडैल, डाकीण, करणी, हे शब्द कुठून येतात यावरून विषय निघाला होता. आपल्या सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या मुलींनी वाचलेल्या होत्या. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो, रोगराई आणतो असं जाहीर करणं हाही गुन्हा आहे, हे त्यांना सांगितलं. दूध आटण्याचं ऐकून मागच्या बाकावरून खुदकन हसू आलं. एसेक्सच्या कागदपत्रांतही आजारी गाई आणि न निघणारं लोणी आहे हे सांगितल्यावर थांबलं. मग एकीनं विचारलं, "टीचर, पण ती रेबेका आईविरुद्ध कशी काय बोलली?"

मी म्हटलं, घाबरली होती. तास संपला.

पण उत्तर मला जास्त माहीत होतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या गल्लीच्या टोकाला एक एकटी म्हातारी राहायची. बेवा, मूलबाळ नाही, तीन मांजरं. आम्ही तिला बिल्लीवाली बुड्ढी म्हणायचो. तिच्या दारात पेरूचं झाड होतं आणि ती हाक मारून पेरू द्यायची. एकदा मी शाळेच्या गेटवर बर्फाचा गोळा खाल्ला, अम्मीनं सक्त मना केलेला. रात्री ताप भरला. अम्मीनं विचारलं, काय खाल्लंस? गोळ्याचं नाव घेतलं तर मार होता. मी म्हटलं, बिल्लीवालीनं पेरू दिला. एवढंच. अम्मीनं मीठ-मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर पक्की, असं शेजारणी म्हणाल्या. मग दुसऱ्या घरातल्या बाळाचा जुलाब आठवला कुणाला, तिसऱ्या घरातली शेळी. ईदचा शीरखुर्मा तिच्याकडे पाठवायचा राहून गेला त्या वर्षी. तिला कुणी मारलं नाही, काही झालं नाही. फक्त पोरांना तिच्या दारावरून जाऊ देईनात. पावसाळ्यात ती झाडाखाली पडलेले पेरू गोळा करून ओसरीवर मांडून ठेवायची, ते तिथंच सडायचे.

अम्मी आता सत्तरीला आलीय. या सुट्टीत तिला मी गोळ्याचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुझी जीभ लाल होती."